बाकी विकत घेणाऱ्याचा दावा आणि आपली कैफियत

(तालुक्याच्या अभ्यासवर्गात संघटनेच्या वतीनं जे बोलणं झालं ते इथे उतरवून दिलं आहे. ज्या पाड्यांवरून कुणी येऊ शकलं नाही तिथे रात्रीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



सकाळी आपण सातबारा, एकसाली प्लॉट आणि दंडाच्या पावत्या यांवर बोललो. आता बोलायचंय ते कर्जाच्या दाव्यावर. कुणी विचारेल, जमिनीच्या संघटनेत कर्जाचं काय काम? काम आहे. आपल्या भागातली जमीन बहुतेक वेळा कर्जाच्या वाटेनंच गेली. आधी खळ्यावरचं भात गेलं, मग बैल गेले, मग शेत गेलं आणि शेवटी माणूस स्वतःच घरगडी झाला. लग्नासाठी काढलेल्या पैशापोटी नवराबायकोनं मालकाकडे वर्षानुवर्षं राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातले वारली किसान सभेच्या लाल बावट्याखाली उठले, आणि त्यांनी वेठ आणि लग्नगडी मोडून काढली. पण अंगठ्याची चिठ्ठी काही गेली नाही. त्या चिठ्ठीचा एक नवा प्रकार आता पाड्यापाड्यावर दिसतोय.

प्रकार असा आहे. तुम्ही काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराकडून तांदूळ, कपडा, दवापाण्याला पैसे घेतले. त्यानं तिकीट लावलेल्या कागदावर अंगठा घेतला. पुढे तुम्ही भात घातलंत, गवत कापून दिलंत, त्याच्या वाडीत मजुरी केलीत. फिटलं की नाही हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि कागदही परत दिला नाही. आता त्यानं धंदा आवरला, किंवा तो मेला आणि पोरं शहरात गेली. जाताना चिठ्ठ्यांचा गठ्ठा तालुक्याच्या गावातल्या दुसऱ्या एका माणसाला विकला. चिठ्ठ्यांवरचे आकडे मोठे असले तरी असा गठ्ठा थोडक्यातच विकला जातो, कारण ती बुडीत बाकी असते. घेणाऱ्यानं तुम्हाला एक दमडी दिलेली नाही, तुमचं तोंडही पाहिलेलं नाही. पण त्यानं एकेका चिठ्ठीवर एकेक दावा कोर्टात टाकला. मग एक दिवस बेलीफ येतो, हातात कागद देतो आणि त्या कागदावर तुम्हाला ज्याचं नावही माहीत नाही असा माणूस म्हणतो की माझं एवढं येणं आहे.

त्याचा हिशेब असा की बहुतेक माणसं कोर्टात येणारच नाहीत. कुणी वीटभट्टीवर असेल, कुणाकडे एसटीला पैसे नसतील, कुणी घाबरून जंगलात जाऊन बसेल. कुणी आलं नाही की कोर्ट त्याचंच ऐकून निकाल देतं. म्हणजे त्यानं गठ्ठा विकत घेतला खरा, पण त्याचा सगळा धंदा आपल्या गैरहजेरीवर चालतो. म्हणून आज सगळ्यांनी एवढं तरी डोक्यात घेऊन जायचं: समन्स म्हणजे निकाल नव्हे. समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं. "अमुक माणूस तुझ्याबद्दल असं म्हणतोय, तुझं काय म्हणणं आहे ते अमुक तारखेला सांग," एवढाच त्याचा अर्थ. आपण सांगितलं नाही तर मात्र त्याचंच म्हणणं खरं धरलं जातं.

आता क्रमानं बघू.

पहिलं, कागद घ्या. बेलीफ आला की पळू नका. कागद घेतला म्हणजे कर्ज कबूल केलं असं होत नाही. नाकारला तर बेलीफ तो दाराला डकवून जातो, पंचांच्या सह्या घेतो, आणि कोर्ट समन्स बजावलं असं धरू शकतं. घरातल्या कोणत्याही मोठ्या माणसाला, बाईला किंवा बाप्याला, समन्स देता येतं. बायांनो, नवरा भट्टीवर असेल आणि कागद तुमच्या हातात आला तर कोणत्या दिवशी आला ते लक्षात ठेवा, कुडाला खोचून विसरू नका, त्याच आठवड्यात कार्यकर्त्याकडे पोचवा. समन्साबरोबर दाव्याची नक्कल असायला पाहिजे. नसेल तर कोर्टातून मागून घ्यायची. दावा कशावर आहे, किती रकमेचा आहे, चिठ्ठी कोणत्या तारखेची आहे, हे सगळं त्या नकलेत असतं.

दुसरं, हे दिवाणी कोर्ट आहे, पोलीस ठाणं नाही. पैशाच्या दाव्यात कुणी "उद्या बेड्या पडतील" म्हणालं तर ती नुसती धमकी आहे. हुकूमनामा झाल्यावरसुद्धा गरिबाला निव्वळ पैसे नाहीत म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९८० साली हे स्पष्ट सांगितलंय. ऐपत असून मुद्दाम देत नाही, लबाडी करतो, असं त्यांना दाखवावं लागतं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटक करताच येत नाही.

तिसरं, तारखेला हजर राहा. पुकारा होईल तेव्हा उभं राहून एवढंच म्हणायचं: "साहेब, मला दावा मान्य नाही. मी आदिवासी आहे, मला सरकारी खर्चानं वकील पाहिजे. लेखी म्हणणं द्यायला मुदत द्या." मराठीत म्हणा, आपल्या बोलीत म्हणा, चालतं. विधी सेवेचा कायदा १९८७ चा, तो १९९५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय. त्या कायद्यानं आदिवासी माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जातीचा दाखला घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, ही समिती कोर्टाच्या आवारातच असते. हा वकील म्हणजे उपकार नाही. पण तो आपोआप सगळं करील असंही नाही. त्याला आपली हकीकत आपणच सांगावी लागते, आणि प्रत्येक तारखेला त्याच्या मागे उभं राहावं लागतं.

चौथं, कैफियत. लेखी म्हणण्याला कोर्टात कैफियत म्हणतात. इथे आपल्या माणसांची फसगत होते. आपल्यात मोठ्या माणसासमोर गप्प राहणं म्हणजे मान राखणं. कोर्टात गप्प राहणं म्हणजे कबूल करणं. दाव्यातल्या ज्या गोष्टीला तुम्ही ठामपणे "हे खरं नाही" म्हटलं नाही, ती तुम्ही मान्य केली असं धरतात. म्हणून दाव्यातला एकेक परिच्छेद वाचून घ्यायचा आणि एकेकाला उत्तर लिहायचं.

उत्तर काय लिहायचं? बाकी विकता येते, कायद्यात त्याला बंदी नाही. पण त्याच कायद्यात असंही आहे की विकत घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. लंगडा बैल बाजारात विकला म्हणून नव्या मालकाच्या दावणीला तो सरळ चालायला लागत नाही. जुन्या दुकानदाराला तुम्ही जे जे तोंडावर सांगू शकला असता, ते सगळं या नव्या माणसालाही सांगता येतं. म्हणून प्रत्येक दाव्यात आपण हे प्रश्न टाकायचे.

तू कोण? चिठ्ठी तुझ्याकडे कशी आली? बाकी विकल्याचा लेखी, सहीचा कागद दाखव. चिठ्ठीच्या पाठीवर नावे करून दिली असेल तर ते दाखव. झेरॉक्स नको, अस्सल दाखव. सावकारी कायद्यात असंही आहे की कर्ज दुसऱ्याला देण्याआधी सावकारानं कर्जदाराला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा. आम्हाला असं कुणी कळवलं? केव्हा?

परवाना कुठे आहे? मुंबई सावकारी कायदा १९४६ चा होता, २०१४ साली त्याच्या जागी नवा सावकारी कायदा आला. सावकारी कायद्यात असं आहे की कर्ज दिलं त्या वेळी सावकाराकडे चालू परवाना नसेल तर कोर्टानं हुकूमनामा देऊ नये, दावा काढून टाकावा. हे लक्षात घ्या: कर्ज दिलं त्या दिवशीचा परवाना पाहिजे. परवाना वर्षापुरता असतो आणि ठराविक क्षेत्रापुरता असतो. आज विकत घेणाऱ्यानं परवाना काढला म्हणून तेव्हाच्या दुकानदाराचा धंदा परवान्याचा होत नाही. कुणाकडे परवाना होता याची नोंद सहायक निबंधकाच्या कचेरीत असते, तिथे लेखी अर्ज करून विचारता येतं.

चिठ्ठी कोणत्या तारखेची? मागेल तेव्हा देईन अशा चिठ्ठीवर दावा टाकायला, चिठ्ठीच्या तारखेपासून ३ वर्षं मुदत असते. त्यानंतर दावा चालत नाही. चिठ्ठी विकली म्हणून मुदत नव्यानं सुरू होत नाही. पण इथे एक सापळा आहे. मुदत संपायच्या आत तुम्ही बाकी मान्य असल्याच्या कागदावर अंगठा दिला, किंवा थोडे पैसे देऊन तसं लिहिलेल्या कागदावर अंगठा दिला, तर तिथून पुन्हा ३ वर्षं मिळतात. आणि मुदत संपलेली बाकीसुद्धा "मी देईन" असं लिहून अंगठा दिला की पुन्हा जिवंत होते. म्हणून तर वसुलीवाला दाव्याआधी गोड बोलत येतो. "सगळे नको रे बाबा, दहा रुपये दे आणि इथे जरा अंगठा लाव, मग मी त्रास देणार नाही." ते दहा रुपये त्याला नकोत, त्याला अंगठा पाहिजे. समन्स येवो की न येवो, अशा माणसाला एकच उत्तर: कागद इथे ठेव, पाड्याच्या बैठकीत वाचू, मग बघू.

मुद्दल किती आणि व्याज किती? समजा तुम्ही ८०० रुपये घेतले आणि दावा ४,६०० चा आहे. सावकारी कर्जात थकलेल्या व्याजापोटी मुद्दलाहून जास्त रक्कम कोर्ट देऊ शकत नाही. म्हणजे ८०० मुद्दल आणि जास्तीत जास्त ८०० व्याज. ४,६०० कुठून आले, त्याचा हिशेब मागा. शिवाय सावकारानं खातं ठेवायला पाहिजे, कर्जदाराला हिशेबाचं पत्रक द्यायला पाहिजे, पैसे मिळाल्याची पावती द्यायला पाहिजे. हे केलं नसेल तर कोर्ट व्याज आणि दाव्याचा खर्च नामंजूर करू शकतं.

फेडलं त्याचं काय? दोन मण भात घातलं, चार पावसाळे लावणी केली, त्याची वजावट कुठे आहे? पावती नाही म्हणून गप्प बसू नका. साक्षीदाराचं बोलणं हासुद्धा पुरावा असतो. भात कुणाच्या गाडीतून गेलं, माप कुणी धरलं, बरोबर कोण होतं, त्यांची नावं लिहून काढा.

हे कर्ज होतं की बयाणा? भट्टीच्या मुकादमानं पावसाळ्यात उचल दिली, तिच्यापोटी अख्खं कुटुंब बांधून ठेवलं, दुसरीकडे कामाला जाऊ दिलं नाही, आणि आता त्याच उचलीवर दावा असेल, तर बंधबिगारीचा १९७६ चा कायदा बघायचा. बंधबिगारीचं कर्ज त्या कायद्यानं संपलेलं आहे, आणि त्याच्या वसुलीचा दावा कोणत्याही दिवाणी कोर्टात चालत नाही.

जुनी बाकी नव्या चिठ्ठीत घातली आहे का? म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल, १९७५ साली महाराष्ट्र सरकारनं कर्जमुक्तीचा कायदा केला. २२ ऑगस्ट १९७५ पर्यंतची छोट्या शेतकऱ्यांची, भूमिहीन मजुरांची, कारागिरांची त्या कायद्यात बसणारी सावकारी कर्जं रद्द झाली. सावकार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, १९७७ साली तिथेही कायदा टिकला. पण गावात काही सावकारांनी ती मेलेली बाकी नव्या चिठ्ठीवर चढवली. बापाची चिठ्ठी पोराच्या नावावर, पोराची सुनेच्या नावावर, असं झालं असेल तर ते कैफियतीत लिहायचं. बाप मेला असेल आणि दावा वारसावर असेल तर बापाची जी मिळकत आपल्याकडे आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. आपल्या मजुरीवर ती येत नाही.

अंगठ्याबद्दल जरा सांभाळून. कागदावर अंगठा आपला नसेल तर तसं लिहा आणि तपासणी मागा. अंगठ्याची तज्ज्ञाकडून तपासणी होते, तिच्यात खोटं टिकत नाही. पण अंगठा आपलाच असेल तर "माझा नाही" म्हणू नका. एक खोटं सापडलं की बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही. अंगठा आपला आणि कागद कोरा होता असं असेल तर तसंच सांगा. मात्र चिठ्ठीवर अंगठा मान्य केला की पैसे मिळाले असं कोर्ट धरून चालतं, मिळाले नाहीत हे मग आपल्याला दाखवावं लागतं. कोरा कागद होता हे नुसतं सांगून भागत नाही, साक्षीदार लागतात. सावकारानं कोऱ्या कागदावर अंगठा घेणं हाच कायद्यानं गुन्हा आहे.

आता हा साक्षीदार कुठून आणायचा, तेच आजच्या बोलण्यातलं मुख्य आहे.

सावकारी कायदा लागतो तो सावकारीचा धंदा करणाऱ्याला. एखाद्यानं शेजारधर्मानं एकदा कुणाला हातउसने दिले तर तो सावकार होत नाही. समोरचा वकील कोर्टात नेमकं हेच म्हणतो: "साहेब, दुकानदार भला माणूस, अडचणीला पैसे दिले, सावकारी कुठली?" तुम्ही एकटे उभे असाल तर तुमच्या एका चिठ्ठीवरून धंदा दाखवणं अवघड जातं. म्हणूनच त्यानं गठ्ठा घेतला पण दावे सुटे टाकले, तारखाही वेगवेगळ्या पडल्या. प्रत्येकाला वाटतं हे माझं एकट्याचं लफडं आहे, शेजाऱ्याला कशाला सांगू, लाज वाटते. तिकडे शेजाऱ्याच्या घरातही तसलाच कागद कुडाला खोचलेला असतो.

तेव्हा आपण काय करायचं? गठ्ठा पुन्हा बांधायचा. वीस घरांच्या वीस चिठ्ठ्या, एकाच हाताचं अक्षर, एकाच दुकानदाराचं नाव, एकच विकत घेणारा. हे सगळं एकत्र कोर्टापुढे ठेवलं की हातउसने म्हणायला जागा उरत नाही. एकाच्या दाव्यात दुसऱ्यानं साक्ष द्यायची: माझ्याकडूनही यानंच अंगठा घेतला, कागद कोराच होता, माझंही भात त्याच खळ्यावरून नेलं. सगळ्या दाव्यांचे नंबर कोर्टातून काढायचे, सगळ्या कैफियतींत एकमेकांचा उल्लेख करायचा, आणि शक्य असेल तर एकच वकील मागायचा. तारखेला एकटं जायचं नाही. पाड्यावरची चार माणसं बरोबर पाहिजेत. गोंधळ घालायचा नाही, घोषणा बाहेर द्यायच्या, आत शांत बसायचं. समोरच्याला नुसतं दिसलं पाहिजे की ही माणसं येत राहणार आहेत.

याला ग्रामसभेचाही आधार आहे. अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ च्या डिसेंबरात केंद्राचा कायदा झाला. आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर ताबा ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला असला पाहिजे, असं त्यात लिहिलंय. अधिकार कागदावर आहे, तो हातात घ्यायचा तर ग्रामसभेत ठराव करा: आमच्या गावात अमुक माणसाच्या इतक्या चिठ्ठ्या आहेत, परवान्याची चौकशी करा. ठरावाची एक प्रत सहायक निबंधकाला, एक तहसीलदाराला, आणि पोच घेतलेली एक आपल्याकडे.

आता निकालाचं. समजा दावा आपल्या विरुद्ध गेला, किंवा तारीख चुकली आणि एकतर्फी हुकूमनामा झाला. तेव्हाही सगळं संपत नाही. तारीख चुकली पण अजून निकाल झाला नसेल तर पुढच्या तारखेला जा, न येण्याचं कारण सांगा आणि दाव्यात भाग घ्या. निकाल झाला असेल तर तो रद्द करून घ्यायला ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे ३० दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. कारण खरं आणि दाखवता येईल असं पाहिजे: आजारपणाचा कागद, भट्टीवर होतो त्याचे साक्षीदार, नदीला पूर होता त्याची साक्ष.

हुकूमनाम्यानंतर तो दरखास्त टाकील, जप्ती आणील. जप्तीत काय नेता येत नाही ते पाठ करा: अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, नांगर-कुळवासारखी अवजारं, पोटासाठी लागणारी गुरं आणि बियाणं, कारागिराची हत्यारं, मजुराची मजुरी, आणि शेतकऱ्याचं किंवा मजुराचं स्वतः राहण्याचं घर. बैल सोडून न्यायला लागला तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या आणि कोर्टात अर्ज करा.

आणि जमीन. दावा पैशाचा असतो, डोळा जमिनीवर असतो. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ लक्षात ठेवा. १९७४ सालच्या दुरुस्तीनं ते आलं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्रीनं, गहाणानं, पट्ट्यानं, कशानंही जाऊ शकत नाही, कलेक्टरची आगाऊ परवानगी असल्याशिवाय. आणि त्या कलमात चक्क लिहिलंय की दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी होणारी विक्रीसुद्धा यात येते. म्हणजे हुकूमनामा हातात आहे म्हणून त्याला थेट आपलं शेत घेता येत नाही. म्हणून तो दुसऱ्या वाटा शोधतो. एक वाट म्हणजे एखादा आपलाच माणूस पुढे करून त्याच्या नावावर लिलाव घेणं. ज्याला असं विचारलं जाईल त्यानं बैठकीत येऊन सांगावं. दुसरी वाट म्हणजे "चल, आपसात मिटवू." स्टँपवर लिहून घेतात की जमीन कसायला दिली, ताबा दिला. ज्यांचे नुसते प्लॉट आहेत, सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांना यात जास्त धोका आहे. त्यांचा कब्जा हाच त्यांचा पुरावा. तो कब्जा अशा कागदानं एकदा सोडला की जंगल खात्यापुढे आणि सरकारपुढे दाखवायला काय उरतं? वीस वर्षं दंड भरून, मार खाऊन टिकवलेला प्लॉट आठशे रुपयांच्या भीतीनं जाऊ द्यायचा नाही.

लोकअदालतीबद्दलही सांगतो. तिथे तडजोड होते, खर्च नाही, ती चांगली गोष्ट आहे. पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून रक्कम, हप्ते, "बाकी राहिली नाही" हे शब्द, सगळं वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही. तडजोड झाली तर अस्सल चिठ्ठी तिथल्या तिथे परत मागा.

कुणी बाहेर म्हणतं, संघटना लोकांना कर्ज बुडवायला शिकवते. तसं आपण शिकवत नाही. सोसायटीचं, शेजाऱ्याकडून आणलेल्या पायलीभर वरईचं देणं हे देणं आहे, ते फेडायचं. या दाव्यातसुद्धा खरं घेतलेलं, अजून न फिटलेलं, मुदतीतलं आणि कायद्यानं देय असेल तेवढं कोर्ट सांगेल, ते हप्त्यानं देऊ. पण ज्यानं दिलं नाही त्यानं दुप्पट-चौपट मागायचं, आणि आपण कागद न बघता द्यायचं, हे चालणार नाही.

ही लढाई आपणच पहिल्यांदा लढतोय असं नाही. ठाणे-नगरच्या डोंगरात राघोजी भांगरे सावकारांविरुद्ध उठला, १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. पुढे १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतं ताब्यात घेऊन जाळली, आणि ते लोण कितीतरी गावांत गेलं. खतंच का जाळली? कारण कोर्टात त्या खतांवर एकतर्फी हुकूमनामे होत होते, शेतकरी तिथे पोचतच नव्हता, पोचला तरी त्याचं बोलणं कुणी लिहून घेत नव्हतं. तेव्हा त्यांच्या हातात कागद जाळण्यावाचून काही नव्हतं. आज आपल्या हातात थोडे कायदे आहेत. तेही कुणी दान दिलेले नाहीत, अशा उठावांतून आणि मोर्चांतून आलेत. आपण कागद जाळायचे नाहीत, आपण ते कोर्टात उघडायला लावायचे.

पाऊस पडायच्या आत, भट्ट्यांवरून माणसं घरी आली आहेत तोवर, प्रत्येक पाड्यानं इतकं करायचं. एका वहीत यादी करायची: कर्जदाराचं नाव, चिठ्ठी कुणाची, अंगठा केव्हा दिला, कागद कोरा होता का भरलेला, हातात काय मिळालं, परत काय काय दिलं, साक्षीदार कोण, समन्स आलंय का, तारीख कोणती. लिहिता येणारी पोरं-पोरी पाड्यावर आहेत, त्यांना बसवा. बायांना वेगळं विचारा, पुष्कळदा माप कुणी घातलं ते त्यांनाच आठवतं. जातीचे दाखले काढून ठेवा. ज्यांच्या तारखा लावणीच्या दिवसांत येतात त्यांच्या शेतावर पाड्यानं एक दिवस हात द्यायचा, म्हणजे त्यांना तारखेला जाता येईल. पुढच्या बैठकीला वही आणि आलेले सगळे कागद घेऊन या. कागद भिजू देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

जिंदाबाद!

(हा अंक वाचून झाल्यावर पुढच्या पाड्याला द्यावा.)